वृक्षासन आणि फणसाचा खांब

मित्रांनो, म्हैसूरमधल्या एका योगशाळेचा मी जुना खांब आहे. फणसाचा, अस्सल. सगळं छप्पर माझ्याच जिवावर उभं आहे असं मी म्हणत नाही. पण मला एकदा काढून बघा, म्हणजे कळेल!

लहानपणी मी कोडगूच्या डोंगरात वाऱ्यावर डोलत होतो. मग सुतारांनी मला तासलं, रंधा मारला आणि इथे दगडी बैठकीवर आणून उभं केलं. तेव्हापासून पन्नास वर्षं मी एका पायावर उभा आहे. तोल सांभाळायची वेळ आली की सगळे मलाच धरतात. खांद्याच्या उंचीवर माझं अंग हातांनी घासून अगदी गुळगुळीत झालं आहे. पूर्वी दर उगादीला, म्हणजे तुमच्या गुढीपाडव्याला, मला तेल लावायचे. आता रंगीत चटया आल्या, मोठे आरसे आले आणि तेलाची आठवण कुणाला राहिली नाही.

आमचे रंगप्पा मेष्ट्रु, म्हणजे मास्तर, मोठे हट्टी. आसनाच्या नावाचा अर्थ सांगितल्याशिवाय कुणाला पाय उचलू देत नाहीत. गरुडासनात कुणी हातपाय घट्ट आवळले की ओरडतात, "अरे, गरुड आहे तो, सुतळीचा गुंडा नाही! नजर लांब टाक." बकासनात कुणी नाकावर आपटला की म्हणतात, "बगळा मासा दिसेपर्यंत थांबतो. तुला कसली घाई?"

गेल्या वर्षी गिरिजम्मा आल्या. वय बासष्ट, पोस्टातून निवृत्त, घरी एकट्या. न्हाणीघरात पाय घसरून पडल्या होत्या. हाड जुळलं, पण धीर गेला. बेंगळुरूला राहणाऱ्या मुलीनं, वत्सलानं, त्यांना निक्षून सांगितलं होतं, "अम्मा, दोन महिन्यांत वीस आकडे मोजेपर्यंत एका पायावर उभी राहून दाखव. नाहीतर घराला कुलूप लावायचं आणि माझ्याकडे यायचं." घर सोडायच्या नुसत्या विचारानं गिरिजम्मांचे डोळे भरून यायचे.

रोज त्या मला धरून वृक्षासन करायच्या. माझ्यासारख्या ताठ व्हायच्या, श्वाससुद्धा रोखून धरायच्या. हात सोडला की तोल गेलाच. खरं सांगतो, मला ते आवडायचं. माझ्यावाचून त्यांचं अडत होतं ना!

एक दिवस मेष्ट्रुंनी विचारलं, "गिरिजम्मा, वृक्ष म्हणजे काय?"

"झाड. एवढंही कळत नाही का मला?"

"मग या खांबाची नक्कल कशाला करता? हे वृक्षासन आहे, स्तंभासन नव्हे. झाड हलतं, म्हणून टिकतं. घोटा थरथरू द्या, श्वास चालू द्या."

मला भयंकर राग आला. मग कोडगूचा वारा आठवला आणि राग उतरला. मी हलत नाही, कारण मी आता झाड नाही.

दोन महिने संपले त्या रविवारी वत्सला आली. गिरिजम्मांनी माझ्याशेजारी उभं राहून पाय उचलला. आठव्या आकड्यालाच त्यांनी मला धरलं.

"झालं, अम्मा. चल, बॅग भरू या."

"थांब गं. अजून एकदा."

त्या चालत थेट मधोमध गेल्या, माझ्यापासून पंधरा हात लांब. तळवा मांडीला टेकवला, हात वर नेले. घोटा थरथरला, अंग डावीकडे झुकलं, पुन्हा सावरलं. मेष्ट्रु मोजत होते. अठरा, एकोणीस, वीस. तेविसाव्या आकड्याला पाय खाली ठेवून गिरिजम्मा म्हणाल्या, "तीन जास्तीचे आहेत, वत्सला. तुला ठेव."

वत्सलानं डोळे पुसले. मग म्हणाली, "हॅ! त्यात काय एवढं?" तिनं माझ्याशेजारी येऊन पाय उचलला आणि सहाव्या आकड्याला मला मिठीच मारली.

"अगं बाई," गिरिजम्मा म्हणाल्या, "मग आता बॅग कुणाची भरायची?"

मित्रांनो, माझ्या पायथ्याशी वाळवीची एक बारीक रेघ आली आहे. येत्या उगादीला तेवढं तेल लावा. मला अजून खूप वर्षं उभं राहायचं आहे. वत्सला आता दर रविवारी येते आणि मला घट्ट धरून उभी राहते. खुशाल धरू दे. एक दिवस तीही मला सोडून मधोमध जाईल, आणि ते मला इथून बघायचं आहे.