सीटच्या पाठीवरचे दोन खड्डे

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे असं म्हटलं तर तुम्ही हसाल. माझं वय अवघं तीन वर्षांचं. माझ्या मागच्या दारांवरचा रंग अजून नव्यासारखा चमकतो. पण बऱ्हाणपुरात गिरधरभाऊंच्या गॅरेजमागे, बाभळीखाली मी उभी आहे, आणि मला पुढचं नाकच उरलेलं नाही. जिथे इंजिन होतं तिथे चुरगळलेल्या पत्र्याचा गोळा आहे. येणारे-जाणारे थांबतात, बघतात आणि म्हणतात, "यातलं कोणी वाचलं नसणार." ते चुकतात. माझ्यातली पाचही माणसं वाचली. तरीही जे घडलं त्याच्या धक्क्यातून मी बाहेर आलेली नाही. म्हणूनच तुम्हाला सांगते आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. ठिणग्या उडत होत्या, लोखंडी हात वळत होते आणि माझा सांगाडा सांधत होते. तिथे वैजयंती मॅडम नावाच्या इंजिनिअर होत्या. नवीन कामगारांना त्या माझ्याजवळ आणून समजावत. "हिचं नाक मुद्दाम मऊ ठेवलंय आणि माणसं बसतात ती चौकट मुद्दाम कडक. धडक बसली तर हिने स्वतः मोडायचं, आतल्यांना मोडू द्यायचं नाही." ते ऐकून मला फार अभिमान वाटला होता.

माझ्यासारखीच एक गाडी परीक्षेसाठी नेली होती. तिच्यात माणसांसारखे पुतळे बसवले आणि ताशी चौसष्ट किलोमीटरच्या वेगाने तिला आदळवलं. तिला पाच तारे मिळाले. कारखान्यात पेढे वाटले. वैजयंती मॅडमनी पेढा हातात घेतला आणि म्हणाल्या, "पण लक्षात ठेवा, त्यातल्या प्रत्येक पुतळ्याला पट्टा बांधलेला होता." टाळ्यांच्या आवाजात ते फारसं कोणी ऐकलं नाही.

मला विकत घेतलं बहादरपूरच्या चुडामणरावांनी. ते केळीचे बागायतदार. वय चौसष्ट, पण रोज सकाळी सहा वाजता सगळी बाग पायी फिरून यायचे. घड नुसता पाहून त्याचं वजन सांगायचे. त्यांचा मुलगा भूपेंद्र याने परीक्षेचा तो व्हिडिओ मोबाइलवर पाहिला होता आणि तो सगळ्यांना दाखवत सुटला होता. "बाबा, फाइव्ह स्टार हाये! टँक समजा टँक. ह्याच्यात बसलं की टेन्शनच नाही."

गोदाबाईंनी, म्हणजे भूपेंद्रच्या आईने, माझ्या चाकांवर पाणी घातलं, टपावर हळदीकुंकू लावलं आणि नारळ फोडला. भूपेंद्रची बायको रश्मी आणि त्यांची अकरा वर्षांची मुलगी गायत्री माझ्या मागच्या सीटवर चढून बसल्या. त्या दिवशी अर्धं गाव माझ्याभोवती होतं. लहान मुलं माझ्या काचेत आपले चेहरे बघत होती. मला वाटलं, माझ्यासारखी भाग्यवान मीच.

एकच गोष्ट घरच्यांना माझी आवडत नसे. कोणी पट्टा न लावता बसलं की मी टिंग टिंग वाजत राही. ते माझं कामच होतं. चुडामणराव वैतागत. "हे पोरगं सारखं रडते काहून?" असं ते माझ्याबद्दल म्हणत आणि सगळे हसत.

महिनाभरात भूपेंद्रने मला सीटकव्हरच्या दुकानात नेलं. दुकानदाराने तपकिरी रंगाची जाड कव्हरं चढवली. मग त्याने खणातून दोन लहान लोखंडी क्लिपा काढल्या. पट्ट्याच्या टोकाला असते तशीच पट्टी, पण मागे पट्टा नाही. ती पट्ट्याच्या कुलपात खोचली की मला वाटावं, माणसाने पट्टा लावलाय. एक क्लिप चुडामणरावांच्या जागेला बसली, एक त्यांच्या मागच्या जागेला, जिथे गोदाबाई बसत. मागची तिन्ही कुलपं कव्हराखाली दाबली गेली, गोदाबाईंचं तर क्लिपेसकट. मी गप्प झाले.

घरी आल्यावर रश्मीला ते कळलं. ती नेपानगरची. तिचे वडील रघुनाथराव एकतीस वर्षं कागदाच्या मिलमध्ये मशीनवर होते. ती म्हणाली, "अहो, आमच्या पप्पांच्या मिलमध्ये कोणी सायरन बंद केला तर त्याला गेटबाहेर उभं करायचे. तुम्ही विकत आणून बंद केला?"

"अगं, समोर एअरबॅग आहे, मागे बसणाऱ्याला काय होतंय? और ये पाच स्टार काय फुकट दिलेत का?" भूपेंद्र म्हणाला.

रश्मी त्याच्याशी भांडत बसली नाही. तिने कात्री आणली, स्वतःच्या आणि गायत्रीच्या जागेवरचं कव्हर कापलं आणि पट्ट्यांची कुलपं वर काढली. ती तिसऱ्या जागेकडे वळली तेव्हा गोदाबाईंनी तिचा हात धरला. "नवं कव्हर हाये ना ते! माह्या जागेचं नको कापू. मले तो पट्टा गळ्याले टोचते."

रश्मीने कात्री खाली ठेवली. मला ओरडावंसं वाटलं, मित्रांनो. पण मला दिलेला एकच आवाज होता आणि तो काढून घेतला होता.

दोन वर्षं छान गेली. मी त्यांना फोपनारच्या नातेवाइकांकडे नेलं, लग्नांना नेलं, गायत्रीला शाळेत सोडलं. गेल्या हिवाळ्यात गायत्रीच्या शाळेत रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम झाला. घरी येऊन तिने आजोबांच्या जागेची क्लिप ओढून काढली. "आजोबा, पट्टा लावल्याशिवाय मी तुमच्यासोबत येणारच नाही." चुडामणराव कुरकुरले, पण नातीपुढे त्यांचं काही चालत नसे. ते पट्टा लावू लागले. तेव्हापासून पट्ट्याशिवाय फक्त गोदाबाई उरल्या.

आणि मग तो फेब्रुवारीतला रविवार आला.

डोईफोडियाला भूपेंद्रच्या बहिणीने, वंदनाने, नवं घर बांधलं होतं. वास्तुशांतीसाठी सगळे निघाले. भूपेंद्र चालवत होता. त्याने पोलिसांच्या चालानच्या भीतीने का होईना पट्टा लावला होता. शेजारी चुडामणराव. मागे उजवीकडे रश्मी, मध्ये गायत्री आणि डावीकडे, चुडामणरावांच्या बरोबर मागे, गोदाबाई. त्यांच्या मांडीवर मावा जलेबीचा मोठा डबा होता.

"आई, आज तरी लावा ना," रश्मी म्हणाली. "मी खालून काढून देते."

"आन डबा कोण धरीन? पाक सांडला तर साऱ्या लुगड्याची वाट. जवळच तं जायचं हाये."

सकाळचे साडेनऊ वाजले होते. खकनार गाव मागे पडलं. रस्ता मोकळा होता आणि भूपेंद्रने वेग वाढवला. पुढे एक दगडी कठड्याची मोरी, म्हणजे लहानसा पूल होता. तिच्या अलीकडे, उजवीकडच्या शेतातून कापसाच्या गोण्या भरलेली ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टर रस्त्यावर चढला आणि थेट आडवा आला. भूपेंद्रने ब्रेक दाबला, स्टिअरिंग डावीकडे वळवलं. ट्रॉली चुकली. कठडा चुकला नाही.

मित्रांनो, पुढचं सगळं तुमची पापणी लवते तेवढ्या वेळात झालं. माझं नाक दगडावर आदळलं आणि ठरवल्याप्रमाणे चुरगळत गेलं. पट्ट्यांनी झटक्यात माणसांना सीटशी आवळलं. पांढऱ्या पिशव्या फुगल्या. भूपेंद्र थांबला, चुडामणराव थांबले, रश्मी थांबली, गायत्री थांबली. मी प्रत्येकाला मोजलं. चार.

पाचव्या थांबल्याच नाहीत. मी थांबले होते, पण गोदाबाई अजून माझ्या जुन्या वेगाने पुढे चालल्या होत्या. त्यांना धरायला माझ्याजवळ काही नव्हतं. गुडघे पुढे करून त्या चुडामणरावांच्या सीटच्या पाठीवर आदळल्या. समोरून पट्ट्याने धरलेल्या माणसाला मागून तो मार बसला. लोखंडी चौकट वाकली. मला तो आवाज अजून ऐकू येतो.

ट्रॅक्टरवाला लोटू धावत आला. त्याने दाराची कडी ओढली तर दार लगेच उघडलं. "अरे, अंदर तर काहीच दबलं नाही!" तो ओरडला. खरंच, माझी चौकट जशीच्या तशी होती. पुढची काच सोडली तर बाकीच्या काचा शाबूत. गायत्री रडत होती, पण तिच्या अंगावर ओरखडा नव्हता. सगळीकडे पाक आणि जलेबी. गोदाबाई दोन सीटांच्या फटीत अडकून कण्हत होत्या.

चुडामणराव मात्र रडत नव्हते की ओरडत नव्हते. ते अगदी शांतपणे म्हणाले, "भूपेंद्र, माहे पाय कुठी गेले रे?"

पाय जागेवरच होते. फक्त ते त्यांना जाणवत नव्हते.

पाठीचा कणा खालून मोडला होता. बऱ्हाणपूरहून त्यांना इंदूरला नेलं. गोदाबाईंचे दोन्ही गुडघे आणि गळ्याचं हाड मोडलं. मला दोरखंड बांधून इथे आणलं.

पंधरा दिवसांनी भूपेंद्र आला. विम्याचे सर्व्हेअर जितेंद्र साहेब आणि गिरधरभाऊ माझ्याभोवती फिरत होते. भूपेंद्रने येताच माझ्या दारावर लाथ मारली. "फाइव्ह स्टार म्हणे! सर, लिहून घ्या. एअरबॅगनेच माझ्या बाबांची कंबर मोडली. बाबा स्वतः सांगतात, फुग्याचा मार लागला. मी कंपनीवर केस टाकणार आहे."

जितेंद्र साहेबांनी चुडामणरावांच्या बाजूचं मागचं दार उघडलं. "इकडे या. हे बघा."

सीटची पाठ पुढे वाकलेली होती. तिच्या मागच्या बाजूला, गुडघ्यांच्या उंचीवर, वाटीएवढे दोन खड्डे होते.

"फुगा समोरून लागतो. हा मार मागून बसलाय. मागे कोण होतं?"

"माझी आई," भूपेंद्र म्हणाला आणि थबकला.

"पट्टा?"

भूपेंद्रची नजर मागच्या सीटच्या कव्हराकडे गेली. गिरधरभाऊंनी कव्हर चाकूने कापलं, आत हात घातला आणि कुलपातली ती क्लिप बाहेर काढली. तळहातावर धरून त्यांनी ती भूपेंद्रपुढे केली. ते एकच वाक्य बोलले. "हे कोणी लावलं, भाऊ?"

भूपेंद्र तिथेच मातीत बसला. मला तेव्हा त्याचा राग यायला हवा होता. आला नाही.

त्यानंतर दोन महिने कोणी आलं नाही. मग मला भंगारात काढायचं ठरलं आणि त्याआधी आतलं सामान न्यायला रश्मी व भूपेंद्र आले. सोबत, वॉकर टेकत टेकत, गोदाबाईही आल्या. "माय, तू बाहेरच थांब," भूपेंद्र दोनदा म्हणाला. त्यांनी ऐकलं नाही.

रश्मीने पुढच्या खणातली कागदपत्रं काढली, गायत्रीची पाण्याची बाटली काढली. गोदाबाई आपल्या दाराशी उभ्या राहिल्या आणि आत बघत राहिल्या. त्यांनी सीटच्या पाठीवरच्या एका खड्ड्यात हात ठेवला. मग दुसऱ्या. मग मान खाली घालून आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"रश्मी," त्या म्हणाल्या, "हे माह्या गुडघ्याचे हायेत का?"

रश्मीच्या हातातली बाटली खाली पडली.

"म्हंजे त्यायले मी मोडलं?"

"नाही माय!" भूपेंद्र रडू लागला. "मी मोडलं. ती क्लिप मी लावली होती. मी आणली होती पैसे देऊन."

गोदाबाईंचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. त्यांनी वॉकर घट्ट धरला. मग त्यांनी विचारलं, "त्यायले माहीत हाये?"

"बाबाले पहिल्या दिवसापासून माहीत हाये," भूपेंद्र म्हणाला. "मी विचारायला गेलो तं बोलले, मागून तिचा धक्का लागला तवाच समजलं होतं मले. पण तुह्या मायले सांगू नको. ती जेवणार नाही. म्हणून त्यांनी साऱ्यांना फुग्याचं सांगितलं."

बाभळीवर एक कावळा ओरडत होता. आधी इंदूरच्या दवाखान्यात आणि मग घरी, अंथरुणाला खिळलेल्या त्या माणसाने आपल्या बायकोला वाचवायला अडीच महिने एक खोटं सांभाळलं होतं.

गोदाबाईंनी पदराने डोळे पुसले. "घरी चाल," त्या म्हणाल्या. "मले त्यायच्याजवळ बसायचं हाये. आता त्यायले एकट्याले हे धरून बसायचं काम नाही."

त्या हळूहळू वॉकर टेकत निघून गेल्या. भूपेंद्र त्यांच्या मागे चालत होता, हात लावायला धजत नव्हता. फाटकापाशी त्यांनीच मागे वळून त्याचा हात धरला.

मित्रांनो, उद्या कटरवाला येणार आहे. माझं लोखंड वेगळं होईल, काचा वेगळ्या होतील. त्याचं मला दुःख नाही. मोडण्यासाठीच माझं नाक बनवलं होतं आणि ते नीट मोडलं. दुःख एवढंच की मी चौघांना धरलं आणि पाचव्या माणसाला धरू शकले नाही, आणि ते पाचवं माणूस न बांधलेल्या दगडासारखं आपल्याच माणसावर जाऊन पडलं. हे असं होऊ शकतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला मी सांगते आहे.

तुमच्या घरी गाडी असेल तर आजच मागच्या सीटवर जा. कव्हराखाली हात घाला, पट्ट्याचं कुलूप सापडतंय का बघा. त्यात काही खोचलेलं असेल तर काढून टाका. आजी म्हणेल लुगडं चुरगळतं, काका म्हणतील गावातल्या गावात कशाला, बाबा म्हणतील तू गप्प बस. तरी हट्ट सोडू नका. ते चिडतील. चिडू द्या. चिडलेलं माणूस संध्याकाळी स्वतःच्या पायांनी उंबरा ओलांडून घरात येतं, हे काय थोडं आहे?