दगडाची कावीळ

मंगळवारी गंजाड गावच्या चिंचेखाली एवढी दाटी झाली होती की कोंबड्यांनासुद्धा पाय टेकायला जागा उरली नव्हती. मधोमध पितळी परात आणि परातीत नितळ पाणी. आठवड्यापूर्वी कुठूनसे आलेले महाराज आजाऱ्याच्या हातांना एक ओली मुळी चोळत, काहीतरी पुटपुटत आणि हात परातीत बुडवायला लावत. पाणी पिवळंधमक होई.

"बघा, निघाली. डॉक्टरच्या सुईला सापडली असती का? सुई वरवर टोचते, मी मुळापासून काढतो. रोज एक, अशा सात वाऱ्या करा. मधेच दवाखान्याची पायरी चढलात तर उतरलेली पुन्हा चढेल. मग मला बोल लावू नका."

गर्दीतून वाट काढत शाळेच्या निर्मलाबाई पुढे पोचल्या. कमळीची ही पाचवी वारी होती. तिचे डोळे हळकुंडासारखे झाले होते आणि सकाळपासून ती पोटच्या पोरीलाही ओळखत नव्हती. ती पोर, चौथीतली नवशी, आईचा पदर धरून उभी होती.

"देवजीभाऊ, हिला डहाणूला दवाखान्यात न्या. आत्ताच्या आत्ता."

"बाई, तुमीच असं बोलता?" कमळीच्या नवऱ्याने पिशवीतून पोरीची वही काढली. "पेपरात आलंय. नवशीनंच वाचून दाखवलं, म्हणून तर हिला इथं आणली."

वही बाईंच्या ओळखीची होती. शाळेत प्रयोगशाळा नव्हती, म्हणून विज्ञान वर्तमानपत्रातून चाले. ज्या कागदात घरी सुकट यायची, चारोटीहून भजी यायची, तो कागद पोरं झटकून, वाळवून वर्गात आणत. पावसाचा नकाशा, डेंग्यूचा डास, उपग्रह, जे सापडेल ते कापून चिकटवत. वर्गाला बोंबलाचा वास येई, पण पोरं शिकत होती. एकदा कुणीतरी विचारलं, बाई, हे खरं असतं का? तास संपत आला होता. "छापलंय ना? मग खरं," बाई बोलून गेल्या. पोरांनी ते वहीच्या पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं.

आता देवजीने उघडलेल्या पानावर महाराजांचा फोटो होता, 'हजारोंची कावीळ उतरवली'. कोपऱ्यात तेलाच्या डागाखाली मुंगीएवढ्या अक्षरात 'जाहिरात'. आणि शेजारी लाल शाईत बाईंचाच शेरा: छान. सदतीस वह्या एका दुपारी तपासल्या होत्या. वाचलं कुणी होतं?

बाईंनी आपलेच हात महाराजांपुढे धरले. मुळी चोळून झाली, हात बुडवले. पाणी पिवळं.

"मला कुठली कावीळ?"

"होती, बाई. वेळेवर आलात."

"तरी म्हटलं," मागून बायजी म्हणाली, "बाई हल्ली पिवळ्याच दिसतात."

लोकांनी माना डोलावल्या. तेवढ्यात नवशीने महाराजांच्या आसनावरची मुळी उचलली आणि हुंगली.

"बाई, ही मुळी नाय. आंब्याची साल हाय."

तिने पायाजवळचा दगड घेतला, साल त्यावर खसाखसा घासली आणि दगड परातीत सोडला. पाण्यात पिवळी रेघ पसरत गेली.

"आता दगडाला पण झाली का?"

कुणीतरी फसकन हसलं. बाईंनी गर्दीतल्या म्हाताऱ्या धाकल्याबाबांची तंबाखूची डबी मागितली. त्यातला चुना तांब्याभर पाण्यात कालवून वरचं निवळ पाणी वाटीत घेतलं आणि साल लावलेलं बोट त्यात बुडवलं. वाटी पिवळी झाली. "परातीतही हेच पाणी आहे. सालीचा रस आणि चुना भेटले की हा रंग येतो. कावीळ हातात नसते, धाकल्याबाबा. आत यकृत बिघडतं. ते धुऊन निघत नाही."

"दगडातही दोष असतो," महाराज म्हणाले, पण तोवर ते परात आवरायला लागले होते.

देवजीने कमळीला उचलून रिक्षात घातलं. डहाणूच्या डॉक्टरांनी तिचे डोळे बघितले आणि एवढंच विचारलं, "आजवर कुठे होतात?" तिसऱ्या दिवशी कमळी गेली.

पुढच्या मंगळवारी परात तलासरीच्या बाजूला मांडली गेल्याचं कळलं. देवजीच्या ओट्यावर शेजारचा हिरू सांगत होता, "पाचव्या वारीला सोडलं म्हणून गेली. सात पुऱ्या करायला पायजे होत्या." कुणी त्याला खोडून काढलं नाही. बाईंनी काढलं, तर सगळे पुन्हा हिरूकडेच वळले.

नवशी शाळेत आली ती बाराव्या दिवसानंतर. वहीच्या पहिल्या पानावरची ओळ तिने खोडून आणली होती.

"बाई, इथं काय लिहू?"

बाईंनी फळ्यावर लिहिलं: छापलेलं असो, कुणी सांगितलेलं असो, बाईंनी शिकवलेलं असो, आधी तपासून बघायचं. डोळे पिवळे दिसले की त्याच दिवशी दवाखाना.

सगळ्या वर्गाने उतरवून घेतलं. नवशीने पानं उलटली आणि महाराजांच्या फोटोवर थांबली.

"हे फाडू?"

"नको," बाई म्हणाल्या. "त्यावर माझं 'छान' आहे. राहू दे."