दोन शिट्ट्या

शिंप्याच्या तोंडात आठवडाभर टाचण्या असायच्या आणि रविवारी शिट्टी. त्यामुळे हा माणूस बोलतो तरी कधी, असा प्रश्न त्याच्या बायकोला लग्न झाल्यापासून पडलेला होता. तरुणपणी तो स्वतः रग्बी खेळायचा. गुडघा गेला तेव्हा खेळ सुटला, पण मैदान सुटेना, म्हणून रेफरी झाला. त्याला आता बावीस वर्षं झाली होती. साठी जवळ आली तरी ऐंशी मिनिटं पळायचा आणि सोमवारी सकाळी पाय शेकत मशीनवर बसायचा.

बायको उलट. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं बोलण्यावरच जगलेली. घरात दोघांच्या वाटचं तीच बोलायची. आठ महिन्यांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि शब्द कुठेतरी आत अडकून बसले. पाणी हवं असेल तर ती ‘खिडकी’ म्हणायची आणि मग स्वतःवरच चिडून डोळे मिटून घ्यायची. तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी हॉस्पिटलातला एक तरुण तिच्याकडून व्यायाम करून घ्यायला घरी येत असे. ‘फिजिओथेरपिस्ट’ हा शब्द तिच्या जिभेला पेलणं शक्यच नव्हतं. तिने त्याचं नाव ‘कसरत’ ठेवलं, आणि त्यालाही ते इतकं आवडलं की दारातून तो ‘कसरत आली हो’ म्हणतच आत यायचा.

हा कसरत हॉस्पिटलच्या रग्बी संघाचा कप्तान होता, आणि यंदा फायनलला हॉस्पिटलसमोर गोदीतल्या कामगारांचा संघ उभा होता. शिट्टी शिंप्याकडे आली तेव्हा तो मुद्दाम स्पर्धेच्या कमिटीच्या सचिवांकडे जाऊन सांगून आला, की हा पोरगा आमच्या घरी येतो-जातो, दुसरा कुणी बघा. सचिव म्हणाले, या गावात कुणाचा कुणी लागत नाही असा माणूस अजून जन्माला यायचाय; जा आणि सामना घ्या.

सामना चुरशीचा झाला. एकसष्टाव्या मिनिटाला हॉस्पिटल चौदा, गोदी नऊ. गोदीचा एक चपळ खेळाडू बॉल काखेत मारून कडेच्या रेषेने सुसाट सुटला आणि आडवा येऊन कसरतने त्याला लोळवला. शिंपी मागून धापा टाकत येत होता. त्याला दिसलं ते असं, की कसरतचा दंड त्या पोराच्या गळ्यावर बसला. रग्बीत काहीही धरा, मान धरायची नाही. त्याने शिट्टी फुंकली आणि पिवळं कार्ड काढलं, म्हणजे दहा मिनिटं मैदानाबाहेर. कसरतने त्याच्याकडे एकदा पाहिलं, हुज्जत घातली नाही, आणि बाहेर जाऊन बाकावर बसला. त्या दहा मिनिटांत चौदा जणांवर पंधरा जण तुटून पडले. गोदीने सात गुण काढले. सोळा–चौदा.

शेवटच्या मिनिटाला हॉस्पिटलने पुन्हा मुसंडी मारली. कसरतने बॉल पोटाशी धरला आणि सगळा संघ त्याला मागून रेटत रेषेपलीकडे घेऊन गेला. पण नुसतं पलीकडे जाऊन भागत नाही. बॉल जमिनीला टेकवावा लागतो. वर दहा-बारा धिप्पाड माणसांचा ढीग. शिंपी चिखलात पालथा पडला, गाल जमिनीला लावला आणि आत डोकावला. बूट दिसले, कुणाचा तरी कान दिसला, बॉलचं एक टोक दिसलं. बॉलखाली माती आहे की कुणाचा हात, ते काही केल्या दिसेना. जे दिसलं नाही ते द्यायचं नाही, हा नियम. तो उठला, शिट्टी फुंकली, हाताने ‘नाही’ म्हणून सांगितलं. वेळ संपली होती. सामनाही संपला.

सोमवारी दुकान उघडल्यापासून गिऱ्हाइकं कपड्यापेक्षा बॉलचंच बोलत होती. पँट आखूड करायला आलेला म्हणाला, टेकला होता. कोटाचं अस्तर बदलायला आलेली मास्तरीण म्हणाली, तिच्या भाच्याने डोळ्यांनी पाहिलं, टेकला नव्हता. शिंपी टाचण्या तोंडात धरून मान हलवत राहिला. त्या शिट्टीचं त्याला फारसं वाटत नव्हतं. दिसलं नाही म्हणजे दिसलं नाही. त्याला तो तरी काय करणार.

दुपारी शेजारचा औषधवाला फोन घेऊन आला. कुणीतरी कडेवरून चित्रण केलं होतं, पण शेवटच्या ढिगाचं नाही, कार्डाचं. औषधवाल्याने ते हळू करून दाखवलं. पळणाऱ्या पोराचा पाय चिखलात घसरला, तो खाली आला, आणि छातीवर आलेल्या हातावर त्याची मान आपण होऊन पडली. कसरतचा हात जिथे असायला हवा तिथेच होता. शिंप्याने ते चार वेळा पाहिलं आणि फोन परत दिला.

शिवण चुकली तर उसवता येते. हे कसं उसवायचं? पण त्याला खरं टोचत होतं ते वेगळंच. शिट्टी ओठांत धरताना त्याने त्या पाठीवरचा आकडा ओळखला होता. हा आपला कसरत, आणि आता सगळं गाव बघतंय हा म्हातारा त्याला सोडतो का, असं काहीतरी त्याच्या मनात चमकून गेलं होतं. निमिषभरच. पण गेलं होतं, हे त्याचं त्याला माहीत होतं.

त्याने ते बायकोला सांगितलं. तिच्यापासून काही लपवायची सवय त्याला नव्हती, आणि आता तर ती मध्ये बोलूही शकत नव्हती. तिने सगळं ऐकून घेतलं, बराच वेळ ओठ हलवले आणि म्हणाली, “त्याला... सांगा. मला... नको.”

मंगळवारी साडेतीनपासूनच ती दाराकडे तोंड करून खुर्चीत बसली. पोरगा आलाच नाही तर बरं, असं शिंप्याला वाटत होतं, आणि नाही आला तर काय, या विचाराने तो सारखा घड्याळाकडेही पाहत होता. ठीक चार वाजता कसरत आला. कान सुजलेला, भुवईवर पट्टी. “कसरत आली” मात्र म्हणाला नाही. “काय काकू, बोटं काय म्हणतात?” एवढं विचारून तिच्यासमोर स्टुलावर बसला.

शिंप्याने तिच्यासाठी जाड कापडाची एक पट्टी शिवली होती; एका बाजूला मोठमोठी बटणं, दुसऱ्या बाजूला ऐसपैस काजं. उजव्या हाताने बटण काजात घालायचं, एवढाच व्यायाम. तिने पहिलं बटण धरलं. शिंपी टेबलाशी उभा राहून एकाच बाहीवर पुन्हा पुन्हा इस्त्री फिरवत होता.

“बोला,” बायको बटणावरची नजर न काढता म्हणाली.

त्याने इस्त्री उभी केली आणि सांगितलं. चित्रण पाहिल्याचं सांगितलं, हात छातीवर होता हे सांगितलं, कार्ड चुकलं हे सांगितलं. मग जे सांगायचं नव्हतं तेही सांगितलं: पाठीवरचा आकडा दिसला होता, आणि लोक काय म्हणतील याची भीती वाटली होती.

कसरत काकूंचं मनगट सरळ करत होता. ते करून झाल्यावरच बोलला.

“मला वाटलंच होतं, काका. चूक कुणाचीही होते. पण बाकावर दहा मिनिटं मी एकच विचार करत होतो, की माझ्या जागी दुसरा कुणी असता तर यांनी आधी नीट बघितलं असतं. या घरात मी आठवड्यातून दोन वेळा चहा पितो, म्हणून मला जरा जास्तच कडक माप लावलं.”

“हो,” शिंपी म्हणाला.

दुसरं बटण काजात गेलं. तिसरं निसटलं, कसरतने ते पुन्हा तिच्या बोटांत दिलं. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, की शेवटचं विचाराल तर त्याचं त्यालाही माहीत नाही. ढिगाखाली अंधार होता, श्वास घेता येत नव्हता, बॉलखाली काहीतरी होतं. माती असेल नाहीतर कुणाची मांडी. पण रविवारी कपडे बदलायच्या खोलीत सगळे डोळे पुसत होते आणि विचारत होते, टेकला होता ना रे? तेव्हा तो ‘हो’ म्हणून गेला. आता सगळं हॉस्पिटल त्या ‘हो’वर पेटलं होतं. कमिटीकडे सह्यांचं पत्र जायचं होतं आणि त्यावर पहिली सही त्याची हवी होती.

संघ दर गुरुवारी पाच वाजता हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये जमत असे. आपण तिथे येऊन सगळ्यांसमोर कार्डाचं कबूल करतो, असं शिंपी म्हणाला. मग माझंही मला सांगावं लागेल, असं कसरत म्हणाला, आणि त्याचा चेहरा फार काही आनंदी दिसला नाही.

“मी पण,” बायको म्हणाली.

दोघांनीही तिला समजावलं. फाटकापासून कँटीनपर्यंत नव्वद पावलं. घरात ती कशीबशी तीस चालायची. ती ऐकून घेत होती आणि चौथं बटण लावत होती. शेवटी कसरतनेच हात टेकले आणि चालताना धरायला वॉकरची चौकट आणून द्यायचं कबूल केलं.

गुरुवारी ती नव्वद पावलं चालायला त्यांना पाव तास लागला. कँटीनमध्ये खुर्च्या सरकल्या, बोलणं थांबलं. शिंपी उभ्या उभ्याच बोलला, कागदावर लिहून आणलेलं न वाचता. पिवळं कार्ड चुकीचं होतं, चूक माझी होती, कमिटीला तसं लेखी कळवलं आहे. निकाल मात्र बदलणार नाही, तो माझ्या हातात नाही. संघाचा प्रशिक्षक हॉस्पिटलच्या लाँड्रीचा मुकादम होता. तो म्हणाला, दहा मिनिटांत सात गुण गेले, आता तुमची माफी घेऊन आम्ही काय इस्त्री करून ठेवायची? शिंप्याने तेही ऐकून घेतलं.

मग कसरत उठला आणि त्याने आपलं सांगितलं. टेकला की नाही ते मला माहीत नाही. रविवारी मी उगीच हो म्हणालो. हे शिंप्याच्या बोलण्यापेक्षा जड गेलं. त्याच्याच संघातली माणसं त्याच्याकडे परक्यासारखी बघायला लागली. कुणी चमचा ढवळत राहिलं, कुणी छताकडे पाहिलं.

संघात सगळ्यांत आडदांड होता तो ऑपरेशनच्या वेळी भूल देणारा डॉक्टर. रविवारी शिंप्याच्या नावाने सगळ्यांत जास्त ओरडला होता तोही तोच. त्याने कप खाली ठेवला आणि म्हणाला, “या हॉस्पिटलात भूल द्यायचं काम माझं. तुम्ही दोघे माझ्या पोटावर का उठलात?”

आधी एक हसला, मग दोघे-तिघे. सगळे नाही हसले. मुकादम तर उठून चालू लागला.

तेवढ्यात बायकोने चौकटीवरचा एक हात उचलला. तिला काहीतरी बोलायचं होतं. तिचे ओठ हलले, शब्द आला नाही. शिंपी तो पुरवायला पुढे झाला, तर कसरतने त्याच्या कोपराला हात लावून थांबवलं. सगळी खोली थांबली. ही आजारी माणसांत वावरणारी माणसं होती. कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही, कुणी तिच्या तोंडात शब्द कोंबला नाही. मुकादमसुद्धा दारात उभा राहिला.

“हे... चिखलात...” ती म्हणाली. मग पुन्हा बराच वेळ. “आडवे झाले. साठीचे. बघायला.” आणि एक मोठा श्वास घेऊन, “कपडे... मी नाही... धुतले.”

आता मात्र खोली मोकळेपणी हसली. भूलवाल्या डॉक्टरने तिला स्वतःची खुर्ची दिली.

फार मोठं काही घडलं असं नाही. कप गोदीकडेच राहिला. सह्यांचं पत्र गेलं नाही. कसरतच्या नावावरचं कार्ड पुसलं गेलं, पण पुढच्या वर्षी संघाने कप्तान दुसरा निवडला. कमिटीने शिंप्याला मोठे सामने देणं बंद केलं आणि चौदा वर्षांखालच्या मुलांचे सामने दिले. ते त्याने घेतले. लाँड्रीच्या मुकादमाने त्याच्या दुकानात पुन्हा पाऊल टाकलं नाही. कसरत मात्र शुक्रवारी ठीक चार वाजता दारात उभा होता.

त्या गुरुवारी परत येताना फाटकापाशी पोचेपर्यंत दोघेही पुरते दमले. बसथांब्याच्या बाकावर ते टेकले. पहिली बस आली, शिंपी उठायला लागला, तर तिने मान हलवली.

“दमलीस?”

“हो. तुम्ही?”

“मी पण.”

ती बस गेली. दुसरीही त्यांनी जाऊ दिली. शिंपी अचानक बोलायला लागला. गुडघा गेला त्या सामन्याबद्दल, आपल्याला रेफरी व्हायचंच नव्हतं याबद्दल, आज कँटीनच्या दारातून परत फिरावंसं कसं वाटलं होतं याबद्दल. इतकं सलग तो कधी बोलला नव्हता. ती ऐकत होती. कुठे अडलाच तर घाई न करता, त्याचा शब्द येईपर्यंत ती थांबत होती.