मधोमध अडकलेला काटा

निवृत्त वायरमनच्या कपाटात हातात मावणारे जुने मीटर एकोणचाळीस, पण त्याचा जीव अडकला होता एकातच. खिशातल्या घड्याळासारखा गोल, पितळी व्होल्टमीटर. पहिल्या नोकरीत उस्तादाने स्वतःच्या खिशातून काढून त्याच्या तळहातावर ठेवलेला.

त्याच मीटरवर साडूचा डोळा. साडू लिफ्ट दुरुस्त करायचा आणि त्यालाही हेच वेड. दोघांचं ठरलेलं होतं: हिवाळ्यात एकदा भेटायचं, एकमेकांच्या मीटरांतून हवा तो एक उचलायचा, नाही म्हणायची सोय नाही. सूट एकच. मेलेल्या, म्हणजे काटा अडकलेल्या मीटरला हात लावायचा नाही.

म्हणून आज जिन्यात साडूची चाहूल लागताच वायरमनने बायकोचा लोकरी मफलर ओढला आणि गोल मीटरची काच खसाखसा घासली. कोरड्या हवेत घासलेल्या काचेवर वीज साचते. तिने ओढलेला काटा मधोमध जाऊन उभा राहिला, कुणी कान धरून उभा केल्यासारखा.

"अरेरे, उस्तादांचा गेला की हो!" साडू हळहळला.

"गेल्याच आठवड्यात. दोन दिवस घास उतरला नाही घशाखाली."

"दोन्ही दिवस मागून मागून जेवलात की," आतून बायको म्हणाली.

साडूने नाइलाजाने दुसराच एक उचलला आणि आपली पिशवी उघडली. आत चार मीटर. त्यातल्या सगळ्यांत देखण्या, चामडी पेटीतल्या मीटरचाही काटा मधोमध!

"हा पण?"

"प्रवासात धक्का बसला हो."

वायरमनला खरोखरच वाईट वाटलं. त्याने निमूटपणे शेजारचा घेतला.

बायको हात पुसत बाहेर आली. "मेलेले दोन झाले ना? बंद पडलेली वस्तू घरात ठेवायची नाही, हा तुमचाच नियम, अहो. आणि भाऊजी, तुम्ही तरी ओझं परत कशाला वाहता?" बोलता बोलता दोन्ही मीटर तिने भंगाराच्या पिशवीत टाकलेसुद्धा. भंगारवाला खाली ओरडतच होता.

दोघे एकदम उठले.

"मी देऊन येतो!"

"तुम्ही बसा, गुडघे दुखतात तुमचे."

"तुमचे काय नवे बसवलेत?"

पिशवीचा एकेक बंद धरून दोघे जिन्याच्या वळणापर्यंत पोचले. तिथे वायरमनने आपला मीटर उपसला, तोंडाजवळ नेला आणि काचेवर "हाः" केलं. श्वासाचा दमटपणा लागताच काचेवरची वीज उतरली, काटा शून्यावर आला. शेजारूनही "हाः" ऐकू आलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मफलर," वायरमन म्हणाला.

"पायमोजा," साडू म्हणाला.

"मी काही पाहिलं नाही, साडूभाऊ."

"मी तर जिन्यात आलोच नाही."

वर आले तेव्हा दोघांचेही खिसे फुगलेले होते.

"दिलंत?"

"दिलं!" दोघे एका सुरात.

कपाटातल्या मोकळ्या जागी तिने तेवढ्यात बटणांचा डबा ठेवूनही दिला होता. "मफलर दोरीवर टाका, अहो," ती म्हणाली. "आणि भाऊजी, तुमचा एक मोजा मघापासून जिन्यात पडलाय."