आखाजीचे तीन खांब

ओहोटीला धक्क्याखाली उतरल्यावर मी आधी मोजलं. चार रांगा, प्रत्येकीत सहा, एकूण चोवीस खांब. एकवीस धड. तीन खांबांना उभ्या भेगा. अकरा नंबरची भेग सर्वांत लांब, दोन मीटर वीस सेंटिमीटर, तिच्यातून तांबडा गंज ओघळलेला. बारा नंबरला तीन भेगा. तेराचा पोपडा सुटून आतली सळई उघडी पडली होती. धक्का बांधून सहा वर्षं झाली होती.

तो बांधला तेव्हा मिक्सरवर माझी आई होती. धुरपदाबाई, सुरतेतल्या डिंडोलीची, चौदा बायांच्या टोळीची मुकादम. वाळू, खडी आणि पाणी मिक्सरमध्ये घालणं हे तिच्या टोळीचं काम. आता धक्का बांधणाऱ्या कंपनीने तिच्यासाठी एक कागद आणला होता. ‘मजूर टोळीने काँक्रिटमध्ये खाडीचं खारं पाणी वापरलं, ही चूक आम्हाला मान्य आहे.’ खाली सहीची जागा. ती सही झाली असती तर तापीच्या मुखापासून पांडेसऱ्यापर्यंत कुठल्याच साइटवर आईच्या टोळीला कुणी उभं केलं नसतं.

मी एम.एस्सी. करून दिलीप सरांच्या तपासणी प्रयोगशाळेत लागले होते. भेगा पडलेल्या तीन खांबांचे नमुने घ्यायचं काम नेमकं आमच्याकडेच आलं.

“तुझी आई आहे,” सर म्हणाले. “तू हात लावायचा नाहीस.”

“सर, मग नमुन्यांच्या पुड्यांवर खांबांचे नंबर घालू नका. अक्षरं घाला. कोणतं अक्षर कोणत्या खांबाचं ती यादी तुमच्या कपाटात ठेवा. आणि प्रत्येक नमुना माझ्यानंतर तुम्हीही तपासा.”

सरांनी चष्मा पुसला. “साइटवर चल. पुढचं पुढे.”

साइटवर कंपनीचे इंजिनियर ओंकार साहेब कागद घेऊन उभे होते. आई आली ती टोळीतल्या सरलाबाईला घेऊन.

“मावशी, नुसती सही करायची आहे,” ओंकार साहेब म्हणाले. “तुम्हाला कुणी तुरुंगात टाकत नाहीये.”

“मी सही करावू नही,” आई तिच्या अहिराणीत म्हणाली. “माले लिखता येस, म्हनीसनच करावू नही.”

“टँकरचं पाणी कुठून यायचं ते तुम्हाला काय माहीत?”

“चहा कराना ना आम्ही!” सरलाबाई मध्येच बोलली. “टँकर उना का पहिले चहा. खारं पानी ऱ्हायनं ते दूध फाटी जास. दोन टँकर परत धाडेल शेतस हाई बाईनी. ड्रायव्हर तिले चहावाली म्हने.”

ओंकार साहेब हसले. “चहावरून काँक्रिट तपासलं?”

“तुम्ही कशावरतीन तपासं?” आईने विचारलं. “तीन खांब दखाडतस. बाकीना एकवीस कोनी उभा कयात?”

मग तिने अकराकडे बोट केलं. “हाई तीन आमना नहीत. आम्ही आखाजीले गाव गयथूत. परत उनूत ते हाई उभा व्हतात.”

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, खानदेशची लेक माहेरी जाते, झोक्यावर बसते, गाणी म्हणते. त्या वर्षी कंपनीने सुट्टी नाही म्हणून बजावलं असतानाही आई पूर्ण टोळी घेऊन गेली होती.

“या वयात माहेर?” ओंकार साहेब म्हणाले.

“मनी माय वाट पाहस. तिले सांगू का, साहेब नही म्हनस?”

मी शिडीने वर गेले. प्रत्येक खांबाच्या डोक्याशी, ओल्या काँक्रिटवर खिळ्याने कोरलेली तारीख असते. अकरावर ६/५/१९. बारावर ७/५/१९. तेरावर ८/५/१९. मोबाइलमध्ये पंचांग उघडलं. त्या वर्षीची आखाजी सात मे.

“तारखेने काय होतं?” ओंकार साहेब म्हणाले. “गावाला गेल्याचा पुरावा आहे?”

नव्हता. आई खोटं बोलत नाही हे माझं चोवीस वर्षांचं निरीक्षण होतं, पण प्रयोगशाळेत ते चालत नाही. मी सर्वांसमोर सांगितलं, “समुद्राचं मीठ बाहेरून आत शिरतं. कडेला जास्त, आत कमी. सहा वर्षांत ते शंभर मिलीमीटरपर्यंत फारसं पोचत नाही. तिथे मीठ सापडलं, तर ते काँक्रिट कालवतानाच पाण्यातून आलं. आईच्या टोळीने खाडीचं पाणी वापरलं असेल तर ते धड खांबांतही सापडेल. तीन नाही, चार धड खांब धरून सात तपासा.”

“माझी मागणी तीनचीच आहे,” ओंकार साहेब म्हणाले.

“मग मी तपासणीच करत नाही,” दिलीप सर म्हणाले. “भेगाच तेवढ्या बघून दोष ठरवायचा असेल, तर तुम्हाला आमची गरज नाही.”

ओंकार साहेबांनी फोन लावला, बाजूला जाऊन बराच वेळ बोलले, आणि परत येऊन सात म्हणाले.

आईने माझ्याकडे पाहिलं. “चांगला खांबमा मीठ निंघनं ते मी सही करसू.” मग ओंकार साहेबांकडे. “नही निंघनं ते हाऊ कागद तुम्ही मना समोर फाडाना.”

“मान्य,” ते म्हणाले. त्यांना बहुधा वाटलं, निघणारच.

घरी जाताना रिक्षात मी तिला विचारलं, “आई, एखादा टँकर चुकून?”

“तू भी?” ती म्हणाली, आणि डिंडोली येईपर्यंत बाहेर बघत राहिली.

चार दिवस मी पुड्या तपासल्या. खांबांना भोकं पाडून काढलेली भुकटी आम्लात विरघळवायची, सिल्व्हर नायट्रेट थेंबाथेंबाने सोडायचं, थेंब मोजायचे; जितके थेंब जास्त, तितकं मीठ जास्त. कोणतं अक्षर कोणत्या खांबाचं, मला ठाऊक नव्हतं. माझे आकडे संपले की सर त्याच पुड्या पुन्हा तपासत. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी आई आणि ओंकार साहेबांना बोलावलं, कपाट उघडलं, यादी माझ्यासमोर ठेवली, आणि मी अक्षरांच्या जागी नंबर लिहिले.

शंभर मिलीमीटर खोलीवर, काँक्रिटच्या वजनाच्या टक्केवारीत क्लोराइड, म्हणजे मिठाचा अंश (गोड्या पाण्याने कालवलं तरी ०.०१ असतंच):

खांब ४ – ०.०१. खांब ९ – ०.०१. खांब १९ – ०.०१. खांब २२ – ०.०१.

खांब ११ – ०.११. खांब १२ – ०.१२. खांब १३ – ०.११.