अंगणाचा ढाळ

मिस्त्रीणबाई त्या गाडीला पहिल्या दिवसापासून सवत म्हणत, आणि त्यात फारसं चुकीचं नव्हतं. मिस्त्री सकाळी तोंड धुवायच्या आधी तिच्याकडे जात, तिच्याखाली शिरून उताणे पडून राहत, आणि जेवायला हाक मारली की खालून आवाज येई, "आलोच." दोन उन्हाळे हे 'आलोच' चाललं होतं. जेवण गार होई आणि बाई गरम होत.

गाडी मूळची एका बेकरीवाल्याची. जन्मभर पाव पोचवून दमलेली, चाकांवरचा पत्रा बोट लावलं तर आत जाईल इतका गंजलेला, आणि दार उघडलं की शिळ्या पावाचा वास. ती आणली तेव्हा मिस्त्री म्हणाले, "हिच्यात पलंग करतो, ओटा करतो, बेसिन करतो. चाकांवरचं घर." बाई म्हणाल्या, "बिनचाकांच्या घरात नळ गळतोय, तो आधी करा." तो नळ अजून गळत होता.

पण गाडी आली होती बाईंसाठीच. हीच खरी पंचाईत होती, कारण त्यामुळे धड भांडताही येत नव्हतं. पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून बाईंना चहाचा कप संपेपर्यंत बसता येई, त्यापुढे कळ निघे. निजायचं तेही कडक, सपाट फळीवर. आणि त्यांची थोरली बहीण, ताई, राहायची लांब, जिथे रेल्वे जात नाही आणि बसने गेलं तर दिवस मोडून हाडं खिळखिळी होतात. त्या ताईचे डोळे जात चालले होते. आहे ते हळूहळू जाणार, गेलेलं परत यायचं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. बहिणी फोनवर रोज बोलत, आणि बोलणं कुठूनही सुरू झालं तरी ताई शेवटी तिथेच येई. "दिसतंय तोवर येऊन जा ग. तुझं तोंड एकदा बघून ठेवते."

"मी नेतो तुला," मिस्त्री म्हणाले होते. "झोपवून नेतो."

"झोपवून नेतात ते वेगळ्या ठिकाणी," बाई म्हणाल्या. पण नाही म्हणाल्या नाहीत.

मिस्त्रींनी जन्मभर लोकांच्या घरांत फरशा बसवल्या. गुडघे गेले तेव्हा काम सुटलं, पाणसळ सुटली नाही. हातभर लांबीची ती पट्टी, मधे काचेची नळी, नळीत हिरवं पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध थांबला की मिस्त्रींचा जीव थाऱ्यावर. केसभर सरकला की केलेलं सगळं उखडायचं. "असू दे" हे दोन शब्द दुनियेतल्या बाकी सगळ्या कारागिरांना येतात, यांनाच कोणी शिकवले नव्हते. लग्नानंतर बाईंनी भिंतीवर एक तसबीर टांगली होती. मिस्त्रींनी ती काढली, पाणसळ लावली, पुन्हा टांगली, पुन्हा काढली. खरं तर बाईंनी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

अंगणही मिस्त्रींच्याच हातचं. पाण्याचा थेंब साचता कामा नये म्हणून घराच्या भिंतीपासून कुंपणाकडच्या गटारापर्यंत त्याला ढाळ दिलेला, नुसत्या डोळ्याला कळायचा नाही इतका बेताचा. पाहुणे आले की मिस्त्री भिंतीशी बादलीभर पाणी ओतून ते कसं पळतं हे दाखवत, आणि पाहुणे पाय वर घेऊन वा वा म्हणत. त्याच अंगणात, घराच्या भिंतीला समांतर, सवत उभी होती. तिथे उभ्या उभ्याच तिच्यात सगळा संसार मांडला गेला.

आधी पलंग झाला. त्याची फळी सांगाड्याला सरसाने चिकटवली आणि वरून स्क्रूंची रांग मारली. "शंभर वर्षं हलायचा नाही," मिस्त्री म्हणाले. "आपल्याला कुठं शंभर वर्षं निजायचंय," बाई म्हणाल्या. मग ओटा, बेसिन, कपाटं. आणि मग टेबल. कुठल्याशा पाडलेल्या घराच्या सागवानी दाराचं, दोन बोटं जाड, मधे बिजागऱ्या घालून दुमडणारं. ते मिस्त्रींनी इतकं घासलं आणि त्यावर पॉलिशचे इतके हात दिले की त्यात तोंड दिसायचं. त्यावर गरम कप ठेवायला सक्त मनाई होती. खुद्द बाईंना.

यातल्या प्रत्येक वस्तूला पाणसळ लागली. बसवायच्या आधी, बसवताना, बसवल्यावर, आणि सकाळी उठून पुन्हा एकदा.

मधूनमधून सवतीचे रुसवे. टपाला खिडकी केली, ती पहिल्याच पावसात गळली, आणि गळली ती नेमकी पलंगावर. दिव्यांच्या वायरी उंदरांनी खाल्ल्या. बॅटरी बसली. गॅरेजवाला घरी येऊन बोनेटमध्ये डोकं घाली, बराच वेळ काहीबाही पुटपुटे आणि इंजिन जागच्या जागी सुरू करून दाखवून जाई.

"मिस्त्री, ही गाडी आहे, बंगला नाही," तो एकदा वैतागून म्हणाला. "हिला कधीतरी रस्ता दाखवा."

"नीट झाली की," मिस्त्री म्हणाले.

ते 'नीट' ऐकून ऐकून बाईंच्या कानाला भोकं पडायची वेळ आली होती. अशात एक दिवस ताईचा फोन आला. "धाकटे, काल शेजारीण आली होती. तिचं नाक दिसलं, डोळे दिसलेच नाहीत." एवढं सांगून ती हसली. बाईंना काही हसू आलं नाही. त्यांनी फोन ठेवला, एक हात कमरेवर धरून अंगणात गेल्या आणि गाडीच्या पत्र्यावर उलट्या वाटीने ठोकलं. मिस्त्री खालून बाहेर आले.

"शनिवारी निघायचं. नाही निघालो, तर सोमवारी गॅरेजवाला ही भंगारात घेऊन जाईल. मी त्याला सांगून ठेवलंय."

"अगं, अजून कपाटाची कडी—"

"कडी तोंडाला लावा."

शनिवारी निघाले. बाई पलंगावर आडव्या, कमरेवरून मिस्त्रींनी मुद्दाम शिवून घेतलेला पट्टा. गाडी खोकली, थरथरली, पण फाटकाबाहेर पडली. गाव मागे गेलं, मोठा रस्ता लागला, आणि थोड्या वेळाने बाईंना वाटलं, आपण पलंगाच्या कडेला घसरतोय. वळण असेल म्हणून त्यांनी कड धरली. वळण संपेना.

"अहो, किती वेळ वळताय?"

"कुठं वळतोय? नाकासमोर चाललोय."

"मग मी का पडतेय?"

"पट्टा आवळ."

बाईंनी पट्टा आवळला. तेवढ्यात बिनकडीच्या कपाटाचं दार आपसूक उघडलं आणि आतली संत्री एकेक करून बाहेर उड्या मारू लागली. सगळी गडगडत ओट्यावरून एकाच बाजूला गेली आणि त्याच कोपऱ्यात जमून बसली. बेसिनमध्येही पाणी एका अंगाला साचलं होतं, भोकापर्यंत यायचं नाव घेत नव्हतं. नवऱ्याच्या शब्दावर बाईंनी आजवर पुष्कळ विश्वास ठेवला होता, पण संत्री काही मिस्त्रींची बाजू घेणारी नव्हती.

"गाडी थांबवा," त्या म्हणाल्या.

पेट्रोल पंपाच्या आवारात गाडी थांबली. मिस्त्रींनी आत येऊन टेबलावर पाणसळ ठेवली. बुडबुडा पळत जाऊन टोकाला चिकटला. "जागा वाकडी आहे," ते म्हणाले आणि खाली उतरून त्यांनी पाणसळ सिमेंटच्या जमिनीवर ठेवली. बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध येऊन शहाण्यासारखा थांबला. पुन्हा आत. पुन्हा बाहेर. बाई आडव्या पडल्या पडल्या ही येरझार बघत होत्या. शेवटी मिस्त्री गाडीच्या पायरीवर बसले.

"अगं," ते हळूच म्हणाले, "अंगणाला ढाळ आहे."

"तुम्हीच दिलाय. बादल्या ओतून दाखवत होतात."

आयुष्यभर मिस्त्रींनी ज्या ज्या गोष्टीला पाणसळ लावली, त्यातली एकही नंतर उठून चालायला लागली नव्हती. घर बिचारं बांधलं तिथेच राहतं. इथे अंगण तिरपं, त्यावर गाडी तिरपी, आणि त्या तिरप्या गाडीत त्यांनी अख्खा संसार काटेकोर सरळ बसवला होता. आता गाडी सरळ उभी राहिली आणि संसार तिरपा झाला. बाईंना हसावं की रडावं कळेना, म्हणून त्या चिडल्या. ते सवयीचं होतं.

"दोन उन्हाळे! दोन उन्हाळे मी गार जेवणं झाकून ठेवली, ती यासाठी?"

"मागे फिरू," मिस्त्री म्हणाले. चेहरा पांढराफटक पडला होता. "सगळं उखडतो. नीट करतो."

"आणि पलंग? शंभर वर्षांचा?"

"तो फोडावा लागेल."

"आणि ते सगळं व्हायचं कधी?"

मिस्त्री हाताच्या बोटांकडे बघत राहिले. त्या बोटांना घाईने काम करणं माहीत नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"ताईचे डोळे तुमच्या नीटसाठी थांबायचे नाहीत," बाई म्हणाल्या. "पुढे चला."

दुपारभर त्यांनी तिरप्या जागा शोधल्या. रस्त्याच्या आपल्या कडेला उतरलं की तिरकेपणा दुप्पट होई आणि संत्री पुन्हा फिरायला निघत. पलीकडच्या कडेला, समोरून येणाऱ्यांकडे तोंड करून उभं राहिलं की मात्र पलंग सरळ होई. तसं थोडा वेळ थांबून बाई पाठ टेकत, आणि येणारे ट्रकवाले हॉर्न वाजवून मिस्त्रींच्या सगळ्या कुळाचा उद्धार करत. हे दिवसाउजेडी चाललं. मुक्कामाला मात्र पुढच्या पंपामागचं आवार गाठावं लागलं, आणि ते आवार ताटासारखं सपाट होतं.

बाईंची पाठ तोवर पेटली होती. मिस्त्रींनी पाठीखाली एका अंगाला पंचे घातले, घोंगडी घातली, तर मधे उंचवटा आला आणि कळ आणखी वर चढली. कड धरून धरून बाईंच्या हाताला मुंग्या आल्या होत्या. 'घरी चला' हे शब्द त्यांच्या अगदी ओठांवर होते. आणि एकदा का ते तोंडातून निघाले, की गाडी फिरणार, अंगणात लागणार, मिस्त्री पुन्हा तिच्याखाली शिरणार आणि ताईचं बघायचं राहून जाणार, हे त्यांना पक्कं कळत होतं. म्हणून त्यांनी दात आवळून धरले. दातांच्या मागे जे होतं, ते मिस्त्रींना न सांगता दिसलं.

ते खाली उतरले. आवारभर वीट शोधली, फळी शोधली. पंपवाल्याने सगळं झाडून लख्ख ठेवलं होतं, दगडसुद्धा नव्हता. मग ते आत आले आणि पेचकस घेऊन टेबलाशी बसले. आता कपाटाची कडी बसवतायत की काय, अशी शंका येऊन बाई बोलणारच होत्या, तोच बिजागरीचा पहिला स्क्रू खाली पडला. मग दुसरा. टेबलाच्या दोन फळ्या झाल्या.

"अहो, काय करताय?"

बाईंनी मान उंचावून खिडकीतून पाहिलं. मिस्त्रींनी एक फळी पुढच्या चाकाला टेकवली, एक मागच्या, दोन्ही एकाच अंगाला. पॉलिशची बाजू वर ठेवावी की खाली, यावर त्यांचा जीव जरा अडकला. बाहीने त्यांनी फळी एकदा पुसली. मग तशीच ठेवली, वर येऊन बसले आणि इंजिन सुरू केलं.

चाकं चढली. काहीतरी कडाडून तडकलं. त्यासरशी गाडीचं एक अंग वर उचललं गेलं, आणि बाईंच्या लक्षात आलं की आपण कड सोडली आहे. पाठ फळीला सगळीकडून सारखी टेकली होती. डोळ्यांतून पाणी आलं ते कळ थांबल्याचं, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं.

मिस्त्री आत आले आणि त्यांनी बाईंच्या पायाशी पाणसळ ठेवली. बुडबुडा सरकत सरकत मधे आला, पण पुरता नाही. एका रेघेला चाटून थांबला. बाईंनी श्वास धरला. आता हा माणूस पुठ्ठा शोधायला जाणार, पुठ्ठ्यावर कागद घालणार, कागदावर कागद, आणि उजाडेल ते इथेच.

मिस्त्रींनी बुडबुड्याकडे बराच वेळ पाहिलं.

"असू दे," ते म्हणाले आणि पाणसळ पलंगाखाली सारली.

इतक्या वर्षांच्या संसारात बाईंना नवऱ्याची इतकी माया कधी आली नव्हती. पण ते तोंडावर सांगून त्यांना डोक्यावर बसवून घ्यायची त्यांची तयारी नव्हती. "चहा टाका," त्या म्हणाल्या, "आणि कप माझ्या हातात द्या. ठेवायला आता जागा नाही."

दुसऱ्या दिवशी गाडी ताईच्या दारात पोचली. दारापुढची जागा सपाट होती. मिस्त्रींनी कोणी न सांगता फळ्या काढल्या, तडकलेली पुढे, धड होती ती मागे, आणि त्यांवर गाडी चढवली. ताई दाराची चौकट धरून उभी होती. बाईंना उठून तिच्यापर्यंत जाववेना, म्हणून ताईच चहाचे दोन कप घेऊन, पायाने पायरी चाचपत गाडीत आली आणि पलंगावर बसली. एक कप तिने बाईंच्या हातात दिला आणि आपलं तोंड त्यांच्या तोंडाच्या अगदी जवळ आणलं. आधी कपाळ पाहिलं, मग एक डोळा, मग दुसरा, मग हनुवटी. बाई हलल्या नाहीत.

"किती म्हातारी झालीस ग धाकटे."

"गाडी तयार व्हायची वाट बघत होते."

ताई हसली, पण नजर काढली नाही. बराच वेळ बघून झालं, तेव्हा तिला आपल्या हातातल्या कपाची आठवण झाली. तिने मोकळ्या हाताने इकडेतिकडे चाचपलं. "कप कुठं ठेवू ग? इतकं सगळं केलं, आणि टेबल नाही केलं होय यांनी?"

बाईंनी खिडकीतून पाहिलं. मिस्त्री चाकाशी उकिडवे बसून फळीच्या कडेचा चिखल बाहीने पुसत होते.

"केलंय ना," बाई म्हणाल्या. "आपण त्याच्यावरच बसलोय."