गुरुसिद्धप्पा वकिलांचा मुन्शी

बाररूममध्ये कागद हातोहात फिरत होता. अकरा वकिलांनी सह्या केल्या आणि तो गुरुसिद्धप्पांपुढे येऊन थांबला. मजकूर मीच लिहिलेला होता. निजाम सरकारच्या जुलमाचा निषेध म्हणून आम्ही परभणीचे वकील आजपासून अदालतीची पायरी चढणार नाही, एवढंच त्यात होतं. व्यंकटराव वकिलांनी टाक पुढे केला. गुरुसिद्धप्पांनी मजकूर दोनदा वाचला आणि कागद परत सरकवला.

"एक मुकदमा हाय माझ्याकडं," ते म्हणाले. "तेवढा संपू द्या, मग सही करतो."

"माझ्याकडं चाळीस हायेत," व्यंकटराव म्हणाले. "सगळे सोडले."

"माझ्या माणसाला फाशी हुईल, व्यंकटराव."

सगळ्यांनी आधी त्यांच्याकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं, कारण मी त्यांचा मुन्शी होतो. १९४८ सालचा माघ महिना होता. परभणीत तेव्हा कोण कुणाकडं किती वेळ बघतो, यालाही अर्थ असायचा.

चौदा वर्षं मी त्यांच्याकडं होतो. ते मूळचे झरीचे, लिंगायत. वडिलांचं किराणा दुकान होतं, पण हा मुलगा हैदराबादला जाऊन उर्दूत वकिली शिकून आला. सकाळी इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय ते पाणी घेत नसत आणि अकराच्या ठोक्याला शेरवानी घालून अदालतीत हजर असत. शुक्रवारी अदालतीला सुट्टी असे. त्या दिवशी त्यांच्या ओसरीवर खेड्यापाड्यांतली माणसं येऊन बसत आणि ते सांगतील तसे अर्ज मी लिहीत असे. वेठबिगारीची तक्रार, विहिरीची तक्रार, जावयाची तक्रार. एका पैशाची अपेक्षा नसे. घरामागच्या दोन खोल्यांत त्यांनी खेड्यातल्या मुलांसाठी बोर्डिंग काढलं होतं. नऊ मुलं होती. त्यांची भाकरी वकिलांच्या पत्नी उमादेवी स्वतः थापत. एकुलती एक मुलगी चन्नबसम्मा त्या मुलांचे पाढे घेई. पेडगावच्या बसप्पांच्या घरी तिचं ठरलं होतं.

असा माणूस सही करीत नाही म्हटल्यावर मला धक्काच बसला.

मुकदमा येडबाचा होता. तो चारठाण्याकडचा धनगर. आदल्या वर्षी दिवाळीनंतर तिकडचा करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका कुणीतरी दिवेलागणीला पेटवला आणि त्यात एक शिपाई जळून मेला. पेटवणारे निघून गेले. पोलिसांना कोसभरावर मेंढ्यांचा वाडा दिसला आणि त्यांनी येडबाला उचललं. त्याची बायको कासाबाई तान्हं पोर घेऊन आमच्या ओसरीवर आली होती. वकिलांनी तिला दोन प्रश्न विचारले, मग तिला आत उमादेवींकडं नेलं आणि दार लोटून घेतलं. मी बाहेरच राहिलो. एरवी फिर्याद मी ऐकायचो, मीच लिहून घ्यायचो.

तिथून माझ्या मनात पाल चुकचुकली. त्या मुकदम्याचे कागद ते स्वतः लिहू लागले आणि पेटीला कुलूप लावू लागले. मी काही विचारलं, तर "बघू" म्हणत. मग एका संध्याकाळी मला ते पोलीस लाईनीत शिरताना दिसले. पोलिसांचे अंमलदार अमीनसाहेब यांच्या बंगल्यामागं ती लाईन होती. रझाकारांच्या त्या दिवसांत आमच्यातला कुणी माणूस दिवसासुद्धा त्या गल्लीच्या तोंडाशी थांबत नसे, आणि हे टांगा सोडून पायी आत गेले. पाऊण तासानं खाली मान घालून बाहेर आले. मी पानाच्या दुकानाआड उभा होतो. दुसऱ्या दिवशी मी सहज विचारल्यासारखं विचारलं, काल संध्याकाळी घरी नव्हता वाटतं. "पाय मोकळे करायला गेलो हुतो," ते म्हणाले.

चौदा वर्षांत मला कळलेलं त्यांचं ते पहिलं खोटं बोलणं. त्यानंतर मी पाळतच ठेवली. ते एकूण सहा वेळा तिथं गेले.

चैत्रात चन्नबसम्माच्या लग्नातल्या देण्याघेण्याची याद करायला ते पेडगावला जायचे होते. त्याच वेळी चळवळीतले दोन तरुण बसप्पांच्या मळ्यात लपले होते. ही गोष्ट व्यंकटरावांना, बसप्पांना आणि मला, एवढ्यांनाच ठाऊक. व्यंकटरावांची पत्रकं मीच लिहायचो, म्हणून मला. नको त्या वेळी पाहुणे जमायला नकोत, म्हणून बुधवारी मी वकिलांच्या कानात सांगितलं, की या आठवड्यात पेडगावला जाऊ नका, मळ्यात आपली पोरं हायेत. त्यांनी मान हलवली. शुक्रवारी पहाटे पोलिसांनी मळा वेढला आणि दोघांना बांधून नेलं. एकाचा हात मोडला होता.

मी सरळ व्यंकटरावांकडं गेलो. पोलीस लाईनीतल्या सहा संध्याकाळी, कुलपाची पेटी, बुधवारी मी काय सांगितलं, सगळं सांगितलं. सांगताना मनातून बरंही वाटत होतं, हे आज कबूल करतो. संशय आला, की माणसाला आपण फार हुशार असल्यासारखं वाटतं. व्यंकटरावांनी सगळं ऐकून घेतलं. मी नोकरी सोडतो म्हटलं, तर म्हणाले, "सोडू नका. तिथंच राहा. डोळे उघडे ठेवा."

आणि मी तिथंच राहिलो.

आठ दिवसांत ही गोष्ट गावभर झाली. पहिल्या शुक्रवारी ओसरीवर चार माणसं होती, दुसऱ्या शुक्रवारी एकही नाही. मी दौत-टाक मांडून दुपारपर्यंत बसलो. बोर्डिंगातल्या मुलांचे बाप येऊन पोरांना घेऊन गेले. कुणी म्हणाला आजी आजारी आहे, कुणी म्हणाला शेतात काम आहे. शेवटच्या मुलाच्या बापानं कारणही सांगितलं नाही. वैशाखात पेडगावहून एक माणूस आला आणि साखरपुड्यात आमच्याकडून वरमाईला दिलेली साडी दाराशी परत ठेवून गेला.

त्या दुपारी उमादेवींनी मला आत बोलावलं. साडी त्यांच्या मांडीवर होती.

"दत्तराव, लोक काय बोलायलेत?"

"मला काय ठाऊक, बाई," मी म्हणालो.

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. काहीतरी सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण मिटून घेतलं. मी मनाशी म्हटलं, हिलाही सगळं माहीत आहे. ते खरंच होतं. फक्त त्यांना माहीत होतं ते, मला वाटत होतं ते नव्हे.

ज्येष्ठात येडबाची पेशी निघाली. सगळे वकील बाहेर असल्यानं अदालत ओस होती. सरकारी वकिलांनी तीन शिपायांच्या साक्षी घेतल्या. तिघांनी येडबाला नाक्याजवळ पळताना पाहिलं होतं. मग गुरुसिद्धप्पा उठले आणि त्यांनी साक्षीदाराचं नाव पुकारायला सांगितलं. रहीमबी. हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं. बुरख्यातली एक म्हातारी काठी टेकत आली आणि पिंजऱ्यात उभी राहिली.

ती चारठाण्याची सुईण होती. नाका जळाला त्या दिवशी दुपारपासून दिवेलागण उलटून जाईपर्यंत ती येडबाच्या पालात होती, कारण कासाबाई अडली होती. पुढं पंधरा दिवसांत रहीमबीला तिच्या मुलानं परभणीला आपल्याकडं आणून ठेवलं. तो पोलिसात शिपाई होता आणि लाईनीतल्या खोलीत राहत होता.

"बच्चा उलटा था साब," ती म्हणाली. "ये कंदील पकडके खडा था. रोरा था. ये कहाँ जाता नाका जलाने?"

सरकारी वकिलांनी विचारलं, ह्या वकिलानं तुला काय देऊन आणलं?

"कुछ नै दिया. छे बार आया, छे बार मैं ना बोली. मेरे बेटे की नोकरी थी. फिर इसकी औरत बच्चे को लेके आई."

मी मागच्या बाकावर बसलो होतो. सहा. मीही सहाच मोजल्या होत्या.

येडबा सुटला. तो बाहेर आला तेव्हा चालायचं कसं ते विसरल्यासारखा उभा होता. कासाबाईनं पोर त्याच्या हातात दिलं. त्याला ते नीट धरता येईना. वकिलांनी त्याला सांगितलं, सरळ घरी न जाता पावसाळाभर मेंढ्या घेऊन लांब निघून जा. मग ते माझ्याकडं वळले. "तुम्हाला सांगितलं न्हाई, दत्तराव. रहीमबीला शब्द दिला हुता, की पेशीपर्यंत तिचं नाव कुणाला कळायचं न्हाई. नाव फुटलं असतं, तर तिला तिथून हलवलं असतं." त्याच दिवशी त्यांनी निषेधाचा तो कागद मागवून घेतला आणि बारावी सही केली.

मला वाटलं, आता गावाचे डोळे उघडतील. मी धावत व्यंकटरावांकडं गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "दत्तराव, पोलिसाची आई पोलिसांच्या विरोधात बोलते आणि माणूस फाशीतून सुटतो," ते म्हणाले. "आतून सामील असल्याशिवाय हे हुतं का?"

हा हिशेब लावायला मीच त्यांना शिकवलं होतं.

त्याच महिन्यात चन्नबसम्माचं लग्न झालं. परभणीत कुणी विचारेना, म्हणून थेट बिदरकडचं बिजवराचं स्थळ पाहिलं. त्याला पहिल्या बायकोची दोन मुलं होती. लग्नाला घरची पंधरा माणसं होती. निघताना तिनं मला 'शरणार्थ' म्हणत नमस्कार केला आणि बोर्डिंगाच्या खोल्यांची किल्ली दिली.

भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली आणि निजामी राज्य गेलं. पकडलेले दोघे तुरुंगातून सुटले. व्यंकटरावांना हार घालून गावातून मिरवलं. वकिलांच्या सत्काराला अकरा खुर्च्या मांडल्या होत्या. गुरुसिद्धप्पा त्या दिवशी घरीच होते. त्यांनी माझ्याकडून जुने कागद उन्हात घालून घेतले.

पेडगावचं कोडं उलगडलं ते दिवाळीच्या सुमारास. बसप्पा आणि त्यांचा धाकटा भाऊ यांचं बांधावरून वैर होतं. वाटणीच्या पंचायतीत भांडण पेटलं आणि रागाच्या भरात धाकटा सगळ्यांदेखत बोलून गेला, की तुझ्या मळ्यात पोलीस मीच घातले होते, आताही बघून घेईन. एवढंच होतं ते. हातभर बांध. बसप्पा वकिलांच्या अंगणात आले, फेटा काढून उभे राहिले आणि तोंडातून शब्द न काढता परत गेले. बोलून उपयोग नव्हता. मुलगी बिदरला नांदत होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी ओसरीवर वकील एकटेच होते. मी खाली बसलो आणि सांगून टाकलं, की चैत्रात व्यंकटरावांकडं गेलेला माणूस मी होतो.

"मला ठाऊक हाय," ते म्हणाले. "चैत्रातच कळलं हुतं."

"मग मला काढलं का न्हाई?"

ते अंगणाकडं बघत होते. मग म्हणाले, "बुधवारी तुमी सांगितलं, शुक्रवारी धरपकड झाली. तुमच्या जागी मी असतो, तर मीबी तेच म्हणलो असतो." आणि थोडं थांबून म्हणाले, "शिवाय तुमचं अक्षर चांगलं हाय."

आतल्या दारात बांगड्यांचा आवाज झाला. उमादेवी तिथं उभ्या होत्या. मीच व्यंकटरावांकडं गेलो होतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. वकिलांनी सहा महिने त्यांना सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात फाटक वाजलं. रहीमबी आली होती. तिच्या साक्षीनंतर अमीनसाहेबांनी तिच्या मुलाची बदली जिंतूरला केली होती. फौज आल्यावर त्याला तिथं पकडलं आणि रझाकारांबरोबर घरं लुटल्याचा गुन्हा लावला. ती परभणीतल्या अकरा वकिलांकडं जाऊन आली होती. कुणी कागद हातात घेतला नव्हता.

"त्यानं खरंच लुटलं असंल तर?" मी हळूच विचारलं. इतकं सगळं होऊनही पहिला प्रश्न मला हाच सुचला.

"असंल," वकील म्हणाले. "तेच अदालतीत बघायचं असतं. वकालतनामा लिहा. मुलजिम हिचा पोरगा, नाव महबूब."

मी टाक उचलला. उमादेवी बाहेर आल्या. रहीमबीचा हात धरून त्यांनी तिला पायरीवरून वर घेतलं, आपल्या शेजारी चटईवर बसवलं आणि पाण्याचा तांब्या तिच्या हातात दिला. तिच्या गुडघ्याचं कसं आहे ते विचारलं. मग त्या आत गेल्या आणि दुसरा तांब्या घेऊन आल्या. एरवी त्या माझ्या हातात तांब्या देत आणि "घ्या दत्तराव" म्हणत. आज तो त्यांनी उंबऱ्यावर ठेवला आणि माझ्याकडं न बघता वळल्या. पुढं वकील गेले तोवर, अकरा वर्षं, तांब्या रोज वेळेवर उंबऱ्यावर येत राहिला.

मी उठून पाणी प्यालो, बोटं धोतराला पुसली आणि नावाच्या खाली गाव लिहायला घेतलं.